विहिणीच्या घरचं पाणी

आमचा संत्र्याचा बगीचा सध्या ताणावर आहे. डिसेंबर लागला की आंबिया बहारासाठी झाडांचं पाणी तोडतात. पानं मलूल होतात, काही पिवळी पडून गळतात, आणि ज्याला यातलं काही ठाऊक नसतं त्याला वाटतं की झाडं आता जाणार. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मलाही तसंच वाटलं होतं. मी अकोल्यात वाढलेली. संत्री झाडाला लागतात यापलीकडे मला संत्र्यांविषयी काही माहीत नव्हतं. विहीर आटली का, असं मी सासऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, विहिरीत पाणी पुष्कळ आहे, पण आत्ता दिलं तर झाड नुसतं पाल्यावर जाईल. त्याला थोडे दिवस तहानेलं ठेवायचं, मग हलकं पाणी सोडायचं, की अंगभर फुलं फुटतात. हे सांगताना ते झाडाच्या बुंध्यावर हात ठेवून उभे होते, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा.

आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. मामाजी गेल्या श्रावणात गेले. त्यांच्याशिवायचा हा पहिला ताण. पाणी केव्हा सोडायचं हे आजवर तेच ठरवत आले. आता दर रविवारी आम्ही नवराबायको अमरावतीहून तिवशाकडे जातो, झाडांतून हिंडतो आणि काही न ठरवता परत येतो. परतताना मला हटकून तो हिवाळा आठवतो ज्या हिवाळ्यात मामाजींच्या किडनीतली गाठ सापडली.

सासूबाई मी त्या घरात येण्याआधीच वारल्या होत्या. मामाजी गावातल्या घरी एकटे राहत. मी अमरावतीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. नवऱ्याची नोकरी तेव्हा अकोल्याला होती, तो शनिवारी घरी यायचा. लग्न ठरताना मामाजींनी मला एकच प्रश्न विचारला होता, की तुमच्याकडे पुस्तकं किती आहेत. मी म्हटलं, बरीच आहेत. लग्नानंतर घरात पाऊल टाकलं तर एक भिंतभर फळ्या ठोकलेल्या. संत्र्यांच्या जुन्या लाकडी पेट्या मोडून त्यांनी स्वतः त्या बनवल्या होत्या. दमट दिवसांत अजूनही त्या फळ्यांना सालीचा वास येतो. खुशीत असले की ते मला ‘बाई’ म्हणत आणि चिडवायचं असलं की ‘मॅडमबाई’. एरवी फार बोलत नसत. मीही फारशी बोलत नाही, त्यामुळे आमचं चांगलं जमलं.

त्या वर्षी फळांचा तोडा झाल्यावर ते शिडीवर चढून वाळक्या काड्या काढत होते. शिडी सरकली आणि ते कुशीवर पडले. फासळ्यांना मार लागला म्हणून सोनोग्राफी केली. फासळ्या धड होत्या, पण तपासणाऱ्या डॉक्टरांचा हात डाव्या बाजूला एकाच जागी फिरत राहिला. मग सीटी स्कॅन झाला. सर्जन तरुण होते, शांतपणे बोलणारे. त्यांनी कागदावर दोन किडन्या काढल्या आणि डावीच्या खालच्या टोकाला एक गोळा. अशी गाठ बहुतेक वेळा कॅन्सरचीच निघते, ते म्हणाले. पक्कं काय ते काढल्यावर कळेल. ती किडनीच्या बाहेर गेलेली दिसत नाही, म्हणून आत्ताच काढलेली बरी. गाठीची जागा अशी आहे की सगळी डावी किडनी काढावी लागेल. उजवी चांगली आहे, ती एकटी काम सांभाळेल.

मी ‘कॅन्सर’ या शब्दापाशीच अडकले होते. मामाजी मात्र ते चित्र निरखत होते.

“म्हंजे पानसोट हाये म्हना,” ते म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. झाडाच्या बुंध्यातून कधीकधी एक सरळसोट, तजेलदार फांदी वर जाते, मी त्यांना सांगितलं. दिसायला सगळ्यांत निरोगी. झाडाचा रस तीच पिते आणि तिला फळ कधी येत नाही. तिला पानसोट म्हणतात.

डॉक्टर म्हणाले, “बरोबर आहे काका. ती कापायची.”

“कापा न मंग,” मामाजी म्हणाले, जसं काही गोष्ट दुसऱ्या कुणाच्या बगीच्याची होती.

रक्तातली साखर वाढलेली होती आणि फासळ्यांचा मारही उतरायचा होता, म्हणून डॉक्टरांनी शस्त्रक्रिया संक्रांतीनंतर ठरवली. इतके दिवस ती गाठ वाढणार नाही का, असं मामाजींनी जाता जाता विचारलं. इतक्यात फारसा फरक पडत नाही, असं उत्तर मिळालं. ‘फारसा’ हा शब्द त्यांनी मनात धरून ठेवला असावा. तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही.

तपासण्यांसाठी ते आमच्याकडे अमरावतीला राहायला आले. बगीच्यात त्याच सुमारास पाणी तोडलं होतं. ते रोज शेजारच्या शेतकऱ्याला फोन करून पानांची चौकशी करत. विहिरीखालच्या पट्ट्यात त्यांनी मागच्याच्या मागच्या वर्षी नवी कलमं लावली होती. या वयात कलमं लावता, फळ खायला कोण बसलंय, असं गावात लोक म्हणाले होते. त्यावर यांचं उत्तर असं की लावायला वय लागत नाही, खड्डे लागतात. त्या कलमांचीही ते फोनवर विचारपूस करायचे. ती अजून लहान, त्यांना ताण द्यायचा नसतो. ती कुणी विसरून तहानेली ठेवू नयेत ही काळजी.

घरात ते माझ्या खुर्चीत बसून शेतीची मासिकं वाचत. चहा अर्धाच घेत. साखरेमुळे असेल, मी समजले. ओठ फुटले तेव्हा वाटलं, थंडी आहे. तूप लावायला दिलं. तोंड सुकल्यासारखं दिसे, ते मी चिंतेच्या खात्यात टाकलं. त्यांच्या पलंगाशेजारी पाण्याचा तांब्या मी सकाळी भरून ठेवायची आणि संध्याकाळी तो रिकामा असायचा. खिडकीबाहेरच्या कुंडीतल्या कढीपत्त्याला त्या थंडीत अशी काही पालवी फुटली होती की मी कॉलेजात दोघीतिघींना पानं नेऊन दिली.

शस्त्रक्रियेआधीची रक्ततपासणी आली तेव्हा डॉक्टरांचा चेहरा बदलला. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करते ते दाखवणारा आकडा, चांगलाच वर गेला होता. दुखण्याच्या गोळ्या घेतल्या का, गावाकडचं काही चूर्ण वगैरे, त्यांनी विचारलं. नाही म्हटलं. मामाजींनीही मान हलवली. मग डॉक्टर सावकाश बोलले. उजवी किडनीसुद्धा कमजोर असेल तर डावी काढून चालणार नाही, माणूस डायलिसिसवर जाईल. आणि गाठ तशीच ठेवली तर ती पसरेल. अकोल्याला किडनीचे एक ज्येष्ठ डॉक्टर आहेत, त्यांना दाखवून या, तोवर तारीख राहू द्या.

रिक्षात मामाजींनी विचारलं, “थो दुसरा गुर्दाई गेला काय?”

मी म्हटलं, तसं अजून ठरलेलं नाही. ते बाहेर बघत राहिले. त्या दिवसापासून त्यांनी अर्धा चहाही बंद केला.

अकोल्याला जाताना मूर्तिजापूरला गाडी थांबवली. ड्रायव्हरने आणि मी चहा घेतला. मामाजींनी गाडीतून उतरून दोन्ही हात मागे बांधून रस्त्याकडेचं एक कडूलिंबाचं झाड पाहिलं आणि परत येऊन बसले. डॉक्टरांची वेळ दुसऱ्या दिवसाची होती. मुक्काम माझ्या माहेरी.

माझी आई आणि मामाजी यांचं नातं लग्नाच्या मांडवापासून चिडवाचिडवीचं. व्याही आणि विहीण यांनी एकमेकांना बोचकारायचं हा आमच्याकडे रिवाज आहे, आणि या दोघांनी तो फार इमानाने पाळला. आई शाळेत शिकवायची. समोरच्याचं उत्तर चुकलं तर सोडायची नाही. मामाजी तिला ‘ईनबाई’ म्हणत आणि ती त्यांना ‘इवाई’, म्हणजे व्याही. दर हंगामात तिच्याकडे संत्र्यांची पेटी पाठवत आणि ती दर वेळी फोन करून म्हणे की या खेपेला जरा आंबट होती. एका वर्षी पेटी पोचायला उशीर झाला तर तिनं मला विचारलं होतं, रागावले का गं इवाई?

आम्ही पोचलो. आमच्याकडे पाहुणा बसला की बोलण्याआधी पाणी येतं. अकोल्यात तर त्या पाण्याला फार मान. नळ काही दिवसांआड यायचा, आणि आलेलं पाणी पिंपात, हंड्यात, सापडेल त्या भांड्यात भरून ठेवायचं. आईने पितळी पेल्यात माठातलं पाणी आणलं. व्याह्यांसाठी ती तोच पेला काढायची. मामाजींनी तो दोन्ही हातांनी घेतला, ओठांना लावला आणि ताटलीत परत ठेवला. मी बघितलं आणि मला काही वावगं वाटलं नाही. आई मात्र उभीच राहिली.

“का हो इवाई, आमच्या घरचं पाणी चालेनासं झालं का?”

“नायी नायी, घेतलं न,” ते म्हणाले.

“ओठ ओले केले. घोट गिळला नाही तुम्ही. वर्गात पोरं औषधाची गोळी गालात धरायची, मला कळत नाही का?” मग ती ताटली घेऊन समोर बसली. “तुमची विहीर खोल असेल बापा. पण आम्हीही चार दिवस साठवलेलं पाणी दिलंय तुम्हाला.”

ती नेहमीसारखीच बोलत होती, थट्टेत. मामाजींना मात्र ते लागलं. व्याह्याच्या घरचं पाणी नाकारणं म्हणजे नातं नाकारणं, हे त्या पिढीत कुणाला सांगावं लागत नाही. विहिणीने तसं समजू नये म्हणून त्यांनी ती गोष्ट सांगितली जी डॉक्टरांना सांगितली नव्हती, मुलाला सांगितली नव्हती, मला सांगितली नव्हती.

“ईनबाई, तुमच्या पान्याचा मान हाये मले. पन मी सध्या ताणावर हाओ.”

आईला उमगलं नाही. मला मात्र तिथेच सगळं दिसलं. रिकामा तांब्या, फुटलेले ओठ, तो कढीपत्ता.

खाली बघत ते सांगू लागले. पाणी तोडलं की झाडाची वाढ थांबते. पानसोट सगळ्यांत कोवळा, सगळ्यांत तहानेला, तो आधी मान टाकतो. झाड मरत नाही. डॉक्टरांनी तारीख लांबची दिली, तेवढ्या दिवसांत त्या गाठीला का वाढू द्यायचं. आणि दुसऱ्या गुर्द्यालाही पुढं एकट्यानं राबायचं आहे, तर तोवर त्यालाही कमी काम.

“मी काई खुळ्यावानी नायी केलं,” ते म्हणाले. “मले अजून थोडं राह्यचं होतं.”

इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नव्हतं. ‘कापा न मंग’ म्हणणारा हा माणूस खिडकीबाहेरच्या कुंडीत आपलं पिण्याचं पाणी ओतत बसला होता, कारण त्याला जगायचं होतं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. पुढं होऊन त्यांचा हात धरावासा वाटला. आमच्यात तशी पद्धत नव्हती, म्हणून तिथेच उभी राहिले.

आई हसली नाही. तिने पेला उचलून पुन्हा त्यांच्या हातात दिला.

“झाडाला खोलवर मुळं असतात इवाई. वरून तोडलं तरी खालून ओढतं ते. तुमची मुळं कुठं आहेत, दाखवा मला.”

त्यांनी खरोखरच थोडा विचार केला. मग पेल्याकडे पाहिलं.

“पयलं पानी हलकं द्या लागते, ईनबाई. एकदम भरलं तं फूल गळते.”

“मग हलकं घ्या. पण गिळा.”

ते घोटाघोटानं प्यायले. आई समोर बसून प्रत्येक घोट गळ्याखाली उतरताना पाहत होती, पाढे म्हणवून घ्यावेत तशी. पेला रिकामा झाला तेव्हा ती म्हणाली की संत्री मात्र यंदा आंबटच होती. ते म्हणाले, विहीण तशी फळं.

दुसऱ्या दिवशी ज्येष्ठ डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. ताण म्हणजे काय, पानसोट म्हणजे काय, सगळं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मामाजींची जीभ पाहिली, हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच खाली बसली नाही. सलाइन लावलं, आणि काही दिवस भरपूर पाणी पाजून पुन्हा रक्त तपासू असं सांगितलं. तोवर उजव्या किडनीविषयी काही बोलायचं नाही. ते दिवस आम्ही माहेरीच काढले. आई दर थोड्या वेळाने पेला घेऊन हजर. नवरा कामावरून संध्याकाळी यायचा, बापाकडे बघायचा आणि काही बोलायचा नाही; तोही त्यांच्यासारखाच. एकदा तो म्हणाला, “बाबा, मले तरी सांगाचं.” मामाजी म्हणाले, “तू पाजलं असतं.” आणि सारखं पाणी पाजणाऱ्या आईकडे बोट दाखवून, “ह्या तं बारमाही ओलीत करून राहिल्या मायं.”

आकडा उतरला. पूर्वीच्या जागी येऊन थांबला. ज्येष्ठ डॉक्टर म्हणाले, उजवी किडनी चांगली आहे, माणूस नुसता सुकला होता. अमरावतीच्या सर्जनना त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. ताणाची गोष्ट त्यांना सांगितली. तिकडे ते हसले असावेत, कारण हेही हसले.

शस्त्रक्रिया संक्रांतीनंतर ठरल्याप्रमाणेच झाली. बगीच्यातलं पाणी सोडायचे दिवसही तेच. मामाजींना आत नेण्याआधी त्यांनी मुलाला जवळ बोलावलं. मला वाटलं, काही निरवानिरव. ते सांगत होते की भर दुपारी पान मुठीत धरून बघ. मऊ लागलं तर थांब, करकरलं तर पाणी सोड. मग स्ट्रेचर हललं. आम्ही बाहेरच्या बाकांवर बसलो. नवऱ्याच्या मुठी सारख्या उघडत मिटत होत्या.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर टोपीचा वळ होता. गाठ संपूर्ण निघाली, किडनीच्या बाहेर काही दिसलं नाही, ते म्हणाले. नंतरच्या अहवालात ती कॅन्सरचीच निघाली. पण त्या दिवशी आम्हाला ‘संपूर्ण निघाली’ एवढंच ऐकू आलं.

शुद्धीवर आल्यावर त्यांनी पाणी मागितलं. नर्सने अजून नाही म्हणून सांगितलं. थोड्या वेळाने पुन्हा मागितलं. मी ओला कापूस ओठांवर फिरवला. त्यांनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं.

“मॅडमबाई, आता तुमी मले ताण देऊन राहिल्या.”

मी इतकी हसले की नर्सने मला बाहेर जायला सांगितलं.

त्यानंतर तीन हिवाळे त्यांनी बगीचा ताणावर टाकला आणि सोडला. गेल्या वसंतात विहिरीखालच्या कलमांना पहिला बहार आला. त्या पट्ट्यात ते खाट टाकून पडून राहत. फुलांचा वास असा दाट की डोकं जड व्हायचं. खाटेवर, त्यांच्या अंगावर, उशीवर पाकळ्या पडायच्या आणि ते झटकत नसत. तेव्हा दुखणं फुप्फुसात परतलं होतं. आम्हाला माहीत होतं, त्यांनाही. गोळ्या दिल्या त्या त्यांनी घेतल्या, पाणी दिलं तेव्हा तेव्हा प्यायले. ती फळं नखाएवढी झालेली त्यांनी पाहिली, लिंबाएवढी झालेलीही. पिकलेली नाही.

शेवटच्या दिवशी आई अकोल्याहून आली. देवघरातलं गंगेचं पाणी मुलाने चमच्याने त्यांच्या तोंडात घातलं. बरंचसं ओठांच्या कडेने ओघळलं. मग आईने पिशवीतून आपली स्टीलची बाटली काढली, प्रवासात ती तिच्याजवळ असते. घरून भरून आणलेलं, माठातलं पाणी. तिने चमचाभर दिलं आणि तशीच वाकून त्यांच्या गळ्याकडे बघत राहिली. आम्ही सगळे बघत होतो.

“गिळलं,” ती म्हणाली, आणि पदराने त्यांची हनुवटी पुसली.

कलमांची पहिली फळं आम्ही या हंगामात तोडली. एक पेटी आईकडे पाठवली. गोड होती का, असं मी फोनवर विचारलं. जरा आंबट होती, ती म्हणाली, आणि फोन ठेवून दिला.

काल भर दुपारी नवऱ्याने एका जुन्या झाडाचं पान मुठीत धरलं, मग मला दिलं. मीही धरून पाहिलं. करकरलं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो, कारण हो म्हणायची सवय आमच्यापैकी कुणालाच नव्हती. तेवढ्यात आईचा फोन आला. बगीच्यात ती आयुष्यात एकदाच आली असेल.

“पाणी सोडलं का गं?”

मी म्हटलं, आत्ता सोडतोय.

“पहिलं हलकं सोडा म्हणावं,” ती म्हणाली.